चार हात काठी

नाव?
गोकुळा शाबी झर्मेकर.
वय तुम्हीच घाला अंदाजानं.
काजूखाली वाकून वाकून
माझा मोजच चुकलाय.

लिहा, हवालदार.
एप्रिलची रात्र, वाळपईच्या आतला डोंगर,
ओहोळापलीकडची आमची भट्टी.
आग विझत आलेली, भाणाला अजून ऊब.
नवरा हुर्राकाचे कॅन घेऊन टेम्पोतून गेलेला.
मी, आणि बियांची सात पोती.
त्यातली दोन शिवायची राहिली होती.
हे नाही लिहिलंत तरी चालेल.

तो आला तेव्हा कुत्रं भुंकलं नाही.

मला आधी कोयता दिसला.
निखाऱ्यांचा उजेड पात्यावर बसलेला,
मागे माणूस, तोंडाला पंचा.
पोती ने म्हटलं.
खरंच म्हटलं, ने.
जीव द्यावा एवढा भाव नाही बियांना यंदा.
पण तो पोत्यांकडे वळलाच नाही,
माझ्याकडे आला.

हाताला कांटा लागला.
तुम्ही पाहिलाय तो, तिथे कोपऱ्यात ठेवलाय,
चिठ्ठी बांधून.
चार हात बांबू, टोकाला खिळा,
पडलेली बोंडं टोचून उचलायचा.
त्याचा कोयता एक हात,
त्याचा हात दीड.
मी तिसरीत शाळा सोडली,
पण ही वजाबाकी
कुणी न शिकवता झाली.
उरतो दीड हात.
तेवढ्यात मी उभी राहिले,
किती वेळ, ते विचारू नका.

तो डावीकडे, मी डावीकडे.
खिळा त्याच्या छातीसमोर.
टोचला नाही.
ओरडले मात्र.
तुम्ही इंग्रजीत लिहिताय, लिहा,
पण ते ओरडणं तसंच ठेवा:
फाटीं सर! फाटीं सर!
ओहोळापलीकडे कुणाचा दिवा लागला नाही.

मग त्यानं बांबू धरला, डाव्या हातानं, आणि ओढला.
मी सोडून दिला.
ही युक्ती नव्हे.
घाबरलेली मूठ उघडली, एवढंच.
तो मागच्या मागे कोळंबीत,
दिवसभर तुडवलेल्या बोंडांच्या चिकट रसात.
कोयता बाजूला वाजला, दगडावर.

हो. त्यानंतर मारलं.
एकदा. लिहा, एकदा.
काठी उचलून, मनगटावर.
त्याचा हात कोयत्याकडे जात होता
की कपाळ पुसायला,
हे तुम्ही तीनदा विचारलंत.
मलाही ठाऊक नाही.
भाणाखालचं लाकूड ओढून काढलं
तरी आतलं लगेच निवत नाही, साहेब.
तुमच्या घरी कुणी भट्टी लावली असेल
तर विचारा.

ओळखलंत का त्याला?
नाही.
अंगठा कुठे लावू?

*

कांटा परत मिळाला, खिळा थोडा वाकलेला.
नवरा म्हणाला, नवा करू.
मी म्हटलं, हाच राहू दे.
आता बोंड टोचताना मनगटाला जो हलका झटका लागतो,
बोंड फाटू नये एवढाच,
तो द्यायच्या आधी
मी मान वर करून बघते.

दीर आला होता रविवारी.
हाताला पट्टी.
मोटारसायकलवरनं पडलो म्हणाला, होंड्याच्या वळणावर.
आवशीनं तेल कढवून दिलं,
पोरांनी पट्टीवर पेनानं मासा काढला.
कुत्रं त्याच्या पायाशी
पोट वर करून लोळत होतं.

मी चहा केला.
कप हातात दिला नाही,
लाद्यांवर ठेवला
आणि बोटानं पुढे सरकवला.
मधे दीड हात.
तो बघत होता जमिनीकडे,
मी त्याच्या दुसऱ्या हाताकडे.
साखर कमी आहे का, विचारलं.
तो म्हणाला, बरी आहे.
अजून प्याला नव्हता.